१८२१ ची गोव्यातली घटनाक्रांती: त्यात लोक होते का?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

मी मूळचा सावंतवाडीचा. पणजीत येऊन चौदा वर्षं झाली. शाळेत आम्हाला १८१८ पर्यंतचा इतिहास तोंडपाठ होता. पेशवाई बुडाली, की पुढचं पान थेट १८५७. मधल्या चाळीस वर्षांत आपल्या पट्ट्यात काही घडलंच नाही, असं वाटायचं. पणजीत आल्यावर पोर्तुगीज वाचायला शिकलो आणि कळलं, की आमच्या घरापासून चाळीसेक मैलांवर १८२२ च्या जानेवारीत निवडणूक झाली होती. संसदेत बसायला खासदार निवडले गेले होते, तेही लिस्बनच्या संसदेत.

आधी थोडक्यात घटना सांगतो.

नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचा राजदरबार १८०८ मध्ये रिओ द जानेरोला जाऊन बसला आणि नेपोलियन गेल्यावरही परतेना. २४ ऑगस्ट १८२० ला पोर्तो शहरात सैन्याने उठाव केला. मागणी अशी की राजाने परत यावं, कोर्तेस म्हणजे लोकप्रतिनिधींची सभा भरावी आणि तिने लेखी राज्यघटना करावी. १८२१ च्या जानेवारीत कोर्तेस भरली, जुलैत राजा सहावा जुआंव लिस्बनला उतरला. इकडे गोव्यात कोंद द रियु पार्दु हा व्हाइसरॉय होता. १६ सप्टेंबर १८२१ ला त्याला खाली खेचलं आणि पाच जणांची जुन्टा, म्हणजे कारभारी मंडळ, आली. डिसेंबरच्या सुरवातीला ही जुन्टाही गेली, दुसरी आली. २२ डिसेंबरला ‘गझेता द गोवा’ हे वर्तमानपत्र सुरू झालं. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच आला होता, पण अठराव्या शतकाच्या मध्यात राजाज्ञेने छपाई बंद पडली होती. या वर्तमानपत्रासाठी छापखाना मुंबईहून आणावा लागला. बाळशास्त्र्यांचं ‘दर्पण’ यायला तेव्हा अजून दहा वर्षं होती.

मग जानेवारी १८२२ मध्ये तीन प्रतिनिधी निवडले गेले. लिमा लैताव हे पोर्तुगालहून आलेले डॉक्टर. दुसरे दोघे अस्सल गोमंतकीय: तिसवाडीतल्या नेवरे गावचे बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा आणि कोंस्तांसियु रोक द कोश्ता. दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले १८९२ मध्ये, म्हणजे मध्ये सत्तर वर्षं गेली.

माझा प्रश्न असा आहे. १६ सप्टेंबरला जे झालं ते न्यायाधीश आणि लष्करी अंमलदारांचं काम होतं. पहिल्या जुन्टेतली माणसं त्याच वर्गातली. तिथे लोक नव्हते, हे मला मान्य आहे. पण निवडणुकीच्या दिवशी कोण होतं?

त्या निवडणुकीची पद्धत स्पेनच्या काडिसच्या घटनेवरून उचललेली होती, आणि ती वाचताना माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं. पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, पुरुषांनी जमायचं. आधी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पवित्र आत्म्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी. मग सभा, दारं उघडी ठेवून. कोणी लाच दिली-घेतली असेल तर सांगा, असं सर्वांना विचारायचं. त्यानंतर एकेकाने टेबलापाशी यायचं आणि आपल्या पसंतीच्या माणसांची नावं तोंडाने सांगायची. चिटणीस त्याच्यासमोर ती लिहून घेई. स्वतःचं नाव घ्यायला मनाई. या लोकांनी निवडायचे ते मध्यस्थ, मध्यस्थांनी दर दोनशे घरांमागे एक मतदार निवडायचा, ते मतदार पुढच्या पायरीवर, आणि शेवटी प्रतिनिधी. वाटेत गाळण्या तीन-चार. पण तळाच्या पायरीवर उभं राहायला लिहिता-वाचता येणं लागत नव्हतं. बार्देशातल्या एखाद्या निरक्षर माणसाला टेबलापाशी बोलावून ‘तुझं म्हणणं सांग’ असं सरकारने विचारणं, हे १८२२ साली! आमच्या सावंतवाडीत, पुण्यात, मुंबईत कोणाला कोणी विचारत होतं?

मला वाटतं, या क्रांतीतले लोक शोधायचे तर ते त्या टेबलापाशी शोधावेत. जाणकारांनी लिहावं.

शाईदौत

उत्तम विषय. माझी भर गावकरीची.

त्या पुरुषांना सभा नवीन नव्हती. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, प्रत्येक गावाची गावकरी पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून होती. जमीन गावाची, तिचा लिलाव गावाचा, बांध दुरुस्त करायचा तो गावाने. पोर्तुगीजांनीही हे मोडलं नाही, उलट १५२६ मध्ये अफोंसो मेशियाने गावकरीच्या चालीरीती लेखी करून घेतल्या. गावकरीत बहुमत चालत नसे, एकमत लागे. एखाद्या गावकाराने ‘नाका’ म्हटलं की विषय तिथेच थांबे.

आमच्या आजोबांना वर्षाकाठी झोण मिळायचा, म्हणजे गावकरीच्या उत्पन्नातला वाटा. रक्कम चहापाण्यापुरतीच, पण ते धुतलेला सदरा घालून आणायला जात. आज्जी म्हणायची, पैशासाठी नाही जात हो, नावासाठी जातात. रजिस्टरात नाव पुकारलं जातं ना, त्यासाठी. १८२२ च्या टेबलाचं वाचून मला तो सदराच आठवला. ज्या माणसाचं नाव गावच्या सभेत पिढ्यान्‌पिढ्या पुकारलं गेलं, त्याला निवडणुकीचं टेबल परकं वाटलं नसणार. लिबरल विचार लिस्बनहून आला, पण सभेत बसायची सवय इथलीच होती.

तांबडीमाती

शाईदौत, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून लिहिते. आमच्या आजोबांचं नाव कुठल्याच रजिस्टरात पुकारलं गेलं नाही.

आम्ही सासष्टीतले मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (बागायतीत) आमचं खोपटं, त्याच्या माडांची राखण आमच्याकडे, बोलावलं की कामाला जायचं. गावकार म्हणजे गावात पहिल्यांदा वसले त्यांच्या वंशातले पुरुष, आणि बहुतेक गावांत ते बामण नाहीतर चार्डो, म्हणजे क्षत्रिय. बाटून ख्रिस्ती झाले तरी जात सुटली नाही. शुद्रांना आणि त्यांच्याखालच्यांना गावकरीत बसायला जागा नव्हती. पेरेस द सिल्व्हा बामण कुळातलेच.

आता ते टेबल पाहा. नावं तोंडाने सांगायची, दारं उघडी, अधिकारी समोर, पाद्री शेजारी, आणि गर्दीत आपला भाटकार. मुंडकाराने कोणाचं नाव घ्यायचं? संध्याकाळी त्याला त्याच भाटात परतायचं होतं. भाटकाराने उठ म्हटलं की घर सोडावं लागे, आणि याला खऱ्या अर्थाने पायबंद घालणारा मुंडकार कायदा आला १९७५ मध्ये. त्यात काडिसच्या घटनेप्रमाणे घरगड्यांचा नागरी हक्क स्थगित. मुंडकार म्हणजे घरगडी की नाही, हे ठरवणार कोण? तोच भाटकार.

तुम्हाला निरक्षराला विचारलेलं दिसतं. मला तोंडाने सांगावं लागलेलं दिसतं.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

तांबडीमाती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लेखी चिठ्ठी नाही म्हणजे निरक्षराला दार उघडं, एवढंच मी पाहिलं. तेच दार भाटकारालाही उघडं होतं.

एक मात्र नोंदवतो, वाद म्हणून नाही. २३ सप्टेंबर १८२२ ला लिस्बनमध्ये जी घटना मंजूर झाली, तिने थेट निवडणूक आणि गुप्त मतदान आणलं. त्याच घटनेने दुसऱ्या टोकाला साक्षरतेची अट मात्र पेरून ठेवली: जे त्या वेळी सतरा वर्षांच्या आतले होते, त्यांना पंचवीस पूर्ण होईतो लिहिता-वाचता आलं नाही तर मत नाही. म्हणजे बापाला मत आणि मुलाला शाळा नसेल तर नाही. आणि शाळा किती होत्या गोव्यात?

सह्यकडा

सगळी चर्चा जुन्या काबिजादीची चालली आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण यांचं काय? नव्या काबिजादीतली ही मंडळी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोंदेकर आणि सावंतवाडीकर भोसले यांच्याकडून पोर्तुगीजांकडे गेली. लोकसंख्या जवळजवळ सगळी हिंदू. मंगेशी, शांतादुर्गा, नागेशी ही देवळं तिकडे. कीर्तन मराठीत, हिशेब मराठीत, पत्रव्यवहार मोडीत. आमचं घराणं डिचोलीचं, म्हणून विचारतो.

या लोकांनी १८२२ मध्ये मत दिलं का?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

सह्यकडा, लिस्बनच्या १८२२ च्या घटनेच्या मजकुरातूनच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कारण तो मजकूर फार बोलका आहे.

कलम २० म्हणतं, पोर्तुगीज राष्ट्र म्हणजे दोन्ही गोलार्धांतल्या सर्व पोर्तुगीजांचा संघ. पुढे प्रदेशांची यादी आहे. आशियात कोण? साल्सेत, बार्देश, गोवा, दमण, दीव, मग मकाव, सोलोर आणि तिमोर. म्हणजे सासष्टी नावानिशी आहे, बार्देश नावानिशी आहे. फोंडा नाही, डिचोली नाही, सत्तरी नाही. नवी काबिजाद क्षेत्रफळाने जुनीपेक्षा कितीतरी मोठी, पण राष्ट्राच्या यादीत तिचं नाव घेण्याची गरज कोणाला वाटली नाही.

मग कलम २५. राष्ट्राचा धर्म रोमन कॅथलिक. परकीयांना मात्र आपापल्या धर्माची उपासना खासगीत करायची परवानगी. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच ओळीवर थांबलो. फोंड्याचा हिंदू परकीय नव्हता, तो पोर्तुगीज राजाचा प्रजाजन होता. आणि कॅथलिकही नव्हता. त्या वाक्यात त्याला बसायला जागाच नाही. इंग्रज व्यापाऱ्याला पणजीत आपल्या पद्धतीने प्रार्थना करायचा घटनात्मक हक्क, आणि मंगेशीच्या पुजाऱ्याबद्दल घटना गप्प.

निवडणुकीचा एकक पॅरिश होता. मिस्सेने सभा सुरू होते. जिथे इगर्ज नाही तिथे पॅरिश नाही, जिथे पॅरिश नाही तिथे टेबल कुठे मांडणार?

सह्यकडा

आणि शेंडी कर! पोर्तुगीज राज्यात हिंदूंवर १७०४ पासून शेंडी कर होता, तो उठला १८४० मध्ये. म्हणजे पोर्तोची क्रांती झाली, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, पोर्तुगालातही १८२१ मध्ये कायमची बंद झाली (गोव्यातली १८१२ मध्येच गेली होती), घटना झाली, ‘सर्व पोर्तुगीज समान’ झाले, आणि त्यानंतरही अठरा-एकोणीस वर्षं डोक्यावरच्या शेंडीचा कर चालूच. माझ्या पणजोबांच्या आजोबांनी तो भरला असणार. त्यांना या क्रांतीत भागीदार म्हणायचं की तिचा खर्च भरणारे म्हणायचं?

पणजीत जुन्या सचिवालयाच्या मागेच म्हामाय कामतांचं घर आहे. मोठी व्यापारी पेढी होती ती, फ्रेंचांशी, पोर्तुगीजांशी, ब्राझीलशी व्यवहार. राज्यकर्त्यांना पैसा लागला, खबर लागली, तर्जुमा लागला, की हिंदू सावकार आणि दुभाषे हवेत. नागरिक म्हणून मात्र नकोत. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले ते १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर.

शाईदौत

सह्यकडा, मुद्दा रास्त आहे. पण गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांना १८२१ मध्ये सगळं ताटात वाढून मिळालं, असा समज होऊ नये म्हणून लिहितो.

कागदावरची समानता त्यांना १७६१ मध्येच मिळाली होती. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या आदेशाने भारतातले ख्रिस्ती प्रजाजन पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचे ठरले. तो आदेश गोव्यात जाहीर व्हायलाच १७७४ उजाडलं. तेरा वर्षं कागद दडपून ठेवला. त्यानंतरही वरच्या जागा गोऱ्यांना आणि मिस्तीस, म्हणजे इथेच रुळलेल्या पोर्तुगीज वंशाच्या, लोकांना. स्थानिक पाद्री कितीही शिकलेला असला तरी बिशप होत नसे. या रागातून १७८७ चं पिंटोंचं बंड शिजलं, कांदोळीच्या पिंटो घराण्यात. फितुरी झाली, ४७ जण धरले गेले, त्यात १७ पाद्री. पंधरा जणांना पुढच्या वर्षी पणजीत हालहाल करून मारलं. पेरेस द सिल्व्हांचा जन्म १७७५ चा. म्हणजे तेव्हा ते तेरा वर्षांचे. नेवरे ते पणजी अंतर किती हो? त्या वयातल्या मुलाच्या कानावर हे गेलं नसेल, असं मला वाटत नाही.

म्हणून १८२२ मध्ये लोकांनी पाठवलेल्या तिघांत दोन गोमंतकीय असणं हे मला साधं वाटत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या मागणीसाठी फाशी झाली, तीच मागणी आता मतपेटीतून... चुकलो, टेबलावरून वर गेली.

पाटीपेन्सिल

मी तीन वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे ब्राझीलमध्ये होते, म्हणून त्या बाजूची भर घालते. गोवा एकटा नव्हता. त्याच क्रांतीची लाट तिकडे अमेझॉनच्या मुखाशी असलेल्या ग्राओ-पारा प्रांतात गोव्याच्या आधी पोचली होती. १ जानेवारी १८२१ ला बेलें शहराने पोर्तोच्या क्रांतीला पाठिंबा जाहीर केला, ब्राझीलच्या प्रांतांत पहिल्यांदा. तिथेही पुढे होती ती लष्करी मंडळी आणि फिलिपे पात्रोनी हा कोइंब्राला शिकलेला तरुण. आणि तिथेही खालच्या लोकांनी ‘स्वातंत्र्य’ आणि ‘घटना’ हे शब्द ऐकले आणि आपल्या अर्थाने घेतले. गुलामांपर्यंत ते शब्द गेले, आणि मालक लोक त्यानेच धास्तावले.

पुढचं वाचवत नाही. ऑगस्ट १८२३ मध्ये पारा स्वतंत्र ब्राझीलमध्ये सामील झाला. सामान्य लोकांची आणि सैनिकांची अपेक्षा होती की आता पोर्तुगीज अंमलदार जातील. ते गेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये दंगा झाला आणि अडीचशेहून जास्त कैदी एका जहाजाच्या तळघरात कोंडले. त्यांनी हवेसाठी, पाण्यासाठी आरडाओरडा केला तेव्हा वरून चुना टाकला. सकाळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जिवंत निघाले.

त्याच रागातून ७ जानेवारी १८३५ ला काबानो लोकांनी, म्हणजे नदीकाठच्या झोपड्यांत राहणाऱ्यांनी, बेलें शहरच ताब्यात घेतलं. बारा वर्षांनी. मी हे लिहिते कारण ‘लोक होते का’ हा प्रश्न क्रांतीच्या दिवशी विचारला तर उत्तर ‘फारसे नव्हते’ असं येतं. दहा-बारा वर्षांनी विचारलं तर वेगळं येतं. गोव्यात १८३५ मध्ये काय झालं?

अवांतर: बायकांच्या मताचा प्रश्न त्या कोर्तेसमध्ये निघाला होता. बाहियाचे प्रतिनिधी बोर्जेस द बार्रोस यांनी १८२२ मध्ये सुचवलं की सहा औरस मुलं असलेल्या आईला मत द्यावं. फेटाळलं गेलं. सहा मुलं कशाला हवीत हा प्रश्न आहेच, पण निदान एकाच्या तरी मनात विषय आला.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

पाटीपेन्सिल, काय योग आहे पाहा. ७ जानेवारी १८३५ ला काबानो बेलेंमध्ये शिरले आणि तीन दिवसांनी, १० जानेवारी १८३५ ला, पेरेस द सिल्व्हा गोव्यात उतरले, गोव्याचे प्रमुख म्हणून! दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी तारखा पाहून अंगावर काटा आला.

मधली कथा सांगतो. १८२२ च्या दोघा गोमंतकीयांना घटना करणाऱ्या सभेत बसायला मिळालंच नाही. समुद्रप्रवास महिनोन्‌महिने, आणि १८२३ मध्ये राजाने घटनाच गुंडाळली. पेरेस द सिल्व्हा पुन्हा निवडून आले, १८२७ मध्ये संसदेत बसले. १८२८ मध्ये दों मिगेलने सिंहासन बळकावलं, लिबरलांची धरपकड सुरू झाली, तेव्हा ते इंग्लंडमार्गे रिओला गेले. यादवी युद्धात लिबरल जिंकल्यावर १८३४ मध्ये त्यांची नेमणूक झाली: भारतातल्या पोर्तुगीज राज्याचे प्रीफेक्त. गोव्यात जन्मलेला माणूस गोव्याच्या प्रमुखपदी, पोर्तुगीज राज्यात पहिल्यांदा. वय ५९.

१४ जानेवारीला सूत्रं घेतली. १ फेब्रुवारीला लष्कराने बंड करून त्यांना काढलं. सतरा-अठरा दिवस!

लष्कर म्हणजे कोण, हे समजून घ्यायला हवं. गोव्यातल्या पलटणींचं अंमलदारपण मिस्तीस लोकांकडे होतं, म्हणजे पोर्तुगीज वंशाचे पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले. हीच मंडळी १८२१ मध्ये घटनेच्या बाजूने व्हाइसरॉयला काढायला उभी होती. तेव्हा घटना म्हणजे लिस्बनहून येणाऱ्या साहेबाच्या जागी आपण. १८३५ मध्ये तीच घटना एका नेवरेकराला वाड्यात घेऊन आली, तर ती त्यांना नको झाली.

आणि आता लोक कुठे होते ते. प्रीफेक्तच्या बाजूने जे उठले त्यांत स्थानिक शिपाई होते. मे १८३५ च्या सुरवातीला गास्पार दियशच्या किल्ल्यात, म्हणजे आजचं मिरामार, त्यांची कत्तल झाली आणि किल्ला जाळला गेला. त्यांची नावं मला कुठे मिळालेली नाहीत. त्यांना निवडणुकीत मत होतं का, त्यांनी घटनेचा एखादा कागद वाचला होता का, कोणास ठाऊक. पण आपला माणूस वर बसला होता आणि त्याला हुसकावलं, एवढं त्यांना कळलं होतं.

रोज संध्याकाळी मिरामारला चालायला जातो. किल्ल्याचा मागमूस नाही. भेळवाले, फुगेवाले, पोरं वाळूत खेळतात. गेल्या वर्षी हे वाचलं, तेव्हापासून तिथे चपला काढून चालतो.

दर्यावर्दी

१८३५ चं आर्थिक अंग कोणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. पेरेस द सिल्व्हा पळाले ते मुंबईला. गोव्याहून आलेली लिबरल मंडळी मुंबईत जमली, पोर्तुगीज भाषेतली पत्रं मुंबईत निघू लागली. गोवा परत घ्यायला तिथूनच गलबतं सज्ज झाली. पैसा कोणाचा? रोजेरियो द फारिया यांचा. हे मुंबईतले गोमंतकीय वंशाचे बडे व्यापारी, चीनच्या अफूच्या व्यापारातले. जमशेटजी जीजीभाईंच्या बरोबरीने धंदा करणारे.

अफू माळव्याची. कंपनी सरकारला महसूल चुकवायचा तर ती मुंबईऐवजी दमणच्या बंदरातून मकावला जायची. दमण पोर्तुगीजांचं. म्हणजे दमणची सत्ता कोणाकडे आहे याला फारियांसारख्यांच्या लेखी मोल होतं. तत्त्वासाठी पैसा टाकला नसेल असं म्हणत नाही, दोन्ही असू शकतं. पण मोहीम निघाली ती पावसाळ्याच्या तोंडावर. मे अखेरीस कोकण किनाऱ्यावर गलबत घालायचं नाही, हे आमच्या खलाश्यांच्या पोरांनाही ठाऊक असतं. वादळाने मोहीम उधळली. फारिया पुढे धुळीला मिळाले. पेरेस द सिल्व्हांनी दमणला बस्तान मांडलं आणि १८३७ पर्यंत दमण आणि दीव एवढाच कारभार चालवला.

माळव्यातल्या ज्या शेतकऱ्याने खसखशीच्या बोंडांना चिरा दिल्या, त्याच्या घामाचा पैसा गोव्याच्या घटनेसाठी खर्ची पडला. त्याला काही पत्ता नाही. लोकसहभागात हाही धरावा, असं मला मनापासून वाटतं.

तांबडीमाती

मांडवीकाठ, मिरामारचं वाचून गलबलले.

माझं वरचं म्हणणं मागे घेत नाही. टेबलापाशी मुंडकाराला मोकळेपणा नव्हता. पण गास्पार दियशच्या शिपायांबद्दल तुम्ही लिहिलंत तेव्हा मनात आलं, पलटणीत साधा शिपाई म्हणून कोण भरती व्हायचं? ज्याला झोण मिळतो तो? ज्याचं भाट आहे तो? ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांची पोरं शिपाई होतात, आजही. तर मग टेबलापाशी ज्यांचा आवाज निघाला नाही, त्यांचीच पोरं तेरा वर्षांनी त्या किल्ल्यात असतील. पुरावा नाही माझ्याकडे. पण मी त्यांना आमचेच मानते.

सह्यकडा

तांबडीमाती, धन्यवाद. डिचोलीकरांचं दुखणं तसंच राहतं, पण हेही खरं आहे.

कोकणवारा

उशिरा आलो, सगळा धागा एका दमात वाचला. एक दुरुस्ती, तीही धाग्यातली नाही, बाहेरची.

तेरेखोलच्या किल्ल्याची माहिती वाचायला घ्या, बहुतेक ठिकाणी सापडतं की गोव्यात जन्मलेल्या पहिल्या व्हाइसरॉयने, म्हणजे पेरेस द सिल्व्हांनी, १८२५ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध सशस्त्र उठाव केला. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. १८२५ मध्ये ते कुठल्याच पदावर नव्हते. शिवाय त्यांनी ‘पोर्तुगीजांविरुद्ध’ काही केलं नाही, लिस्बनने नेमलेले कायदेशीर प्रमुख तेच होते. बंड केलं ते त्यांच्या विरोधकांनी. तेरेखोलमध्येही प्रीफेक्तच्या बाजूची माणसं मारली गेली, ती या १८३५ च्याच धामधुमीत. दहा वर्षांची चूक आणि बंडखोर कोण याचीही अदलाबदल. किल्ला पाहायला येणारे हेच वाचून परत जातात.

मी आरोंद्याचा. किल्ला आमच्या नदीच्या तोंडावर. मांडवीकाठ, तुम्ही मूळ पोर्तुगीज वाचता, तर दोन परिच्छेद मराठीत नीट लिहून द्याल का? पर्यटकांना दाखवणारे गाईड आमच्या ओळखीचे आहेत, निदान त्यांच्या तोंडची तरी माहिती सुधारू.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

कोकणवारा, नक्की देतो. मराठी आणि कोंकणी दोन्हीत करू. तांबडीमाती, कोंकणी तुम्ही पाहाल का? माझी सावंतवाडीची पडते.

सह्यकडा, त्यात घटनेच्या यादीत डिचोलीचं नाव नव्हतं हेही घालतो. तेरेखोल तर पेडण्यातला, म्हणजे नव्या काबिजादीतलाच. ज्या भूमीचं नाव कलम २० मध्ये नाही, त्याच भूमीवर त्या घटनेच्या पक्षाची माणसं पडली.

तांबडीमाती

पाठवा. रोमी लिपीतही करते, आमच्याकडची म्हातारी माणसं तीच वाचतात.

कोकणवारा

मग पुढच्या रविवारी या सगळे. केरीहून फेरीबोट आहे, पलीकडे उतरलं की चढण. सकाळी लवकर निघा, दहानंतर ऊन चढतं.